डिझेलची मान, पेट्रोलचं पोट

बोरगाव मंजूच्या अलीकडे माझ्या पिकअपचा तिसरा गिअर कायमचा गेला. त्याआधी आठवडाभर तो टाकला की आपोआप सुटून यायचा आणि मी त्याला डाव्या गुडघ्यानं दाबून धरायचो. गुडघ्यानं गिअर धरून गाडी चालवणाऱ्या माणसाला जे मिळायला पाहिजे ते मला भर रस्त्यात मिळालं. खालून डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज आला आणि गाडी नुसतीच घरंगळत कडेला लागली. मागे संत्र्याची कॅरेट भरलेली होती. व्यापाऱ्याचा फोन वाजत होता, आणि तो उचलून काय सांगायचं हे मला कळत नव्हतं.

माल दुसऱ्या गाडीत चढवून पुढे पाठवला. माझी गाडी दोराला बांधून अकोल्याला ओढत नेली.

बाळापूर नाक्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा नेहमीचा मिस्त्री बसतो. पन्नाशीचा, बोलायला फटकळ आणि कामाला पक्का. त्यानं गिअरबॉक्स उतरवून खोलला, तेलात हात घालून तिसऱ्या गिअरचे मोडके दात काढले आणि मला दाखवले. हे दात बाकीच्या गिअरांमध्ये जाऊन भरडले गेले होते. म्हणजे एकट्या तिसऱ्यावर भागणार नव्हतं, आतला सगळा संच गेला होता.

"भाऊ, हे मॉडेल कंपनीनं बंद केलं," तो म्हणाला. "आतला माल नागपूरले नाई, इंदूरले नाई. मागवून ठेवतो, पन कधी येईन ते मले विचारू नोका."

मला थांबायला वेळ नव्हता. आमच्या वलगावच्या आसपासच्या बागांमधला संत्र्याचा आंबिया बहार उतरत होता, आणि वर्षातले हेच दोन-तीन महिने माझी गाडी घर चालवते. गिऱ्हाइकं एकदा दुसऱ्या गाडीवर गेली की परत येत नाहीत. मीही ती अशीच कोणाची तरी उचलली होती.

मिस्त्रीनं हात पुसले आणि विचारलं, "याच मॉडेलची पेट्रोल गाडी हाये का कोनाची, उभी असलेली?"

मग त्यानं मला समजावून सांगितलं. या मॉडेलच्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांचं पोट एकच असतं, मान वेगळी असते. इंजिनाला जोडणारं पुढचं तोंड आणि त्यातून जाणारा दांडा, ही झाली मान. डिझेलची मान पेट्रोलला लागत नाही, पेट्रोलची डिझेलला लागत नाही. पण आतले गिअर, त्यांचे दांडे, बेअरिंग, हे सगळं अदलाबदल करता येतं. माझी मान शाबूत होती, पोट गेलं होतं. कुठल्या तरी पेट्रोल गाडीचं पोट मिळालं तर माझी गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर येणार होती.

अशी गाडी मला ठाऊक होती. ती हिवरखेडला माझ्या ताईच्या अंगणात उभी होती, आणि ती मागायची म्हणजे काय, या विचारानंच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ती भाऊजींची गाडी. आम्ही दोघांनी एकाच वर्षी एकाच मॉडेलच्या पिकअप घेतल्या होत्या, मी डिझेल, त्यांनी पेट्रोल. ते केळी आणि विड्याची पानं न्यायचे, हलका माल, त्यामुळे त्यांना पेट्रोल परवडायचं. वरून मला चिडवायचे की साळेबुवांची गाडी वलगावातून निघाली की आम्ही इकडे चहा ठेवतो, तिचा आवाजच तेवढा आहे. भाऊजींसारखा गाडी चालवणारा माणूस मी पाहिला नाही. मी माणसाला त्याच्या गिअर टाकण्यावरून ओळखतो. ओढून टाकणारा घरातही ओढूनच बोलतो. भाऊजींचा गिअर कधी पडला ते शेजारी बसणाऱ्याला कळायचं नाही, आणि ताईशी बोलतानाही त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही.

उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र राहिला. कोपरापासून तो पोटाशी दुमडलेला असतो आणि बोटं उघडत नाहीत. आपल्याकडे गिअर डाव्या हाताला. त्यामुळे काय झालंय हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. भाऊजी म्हणायचे, दिवाळी झाली की गाडी काढतो. आम्ही म्हणायचो, काढा. दिवाळी झाली, आता संक्रांत झाली की काढणार होते. आम्ही पुन्हा म्हणालो, काढा. ताई गाडी पुसून ठेवायची. मी गेलो की इंजिन सुरू करून एक चक्कर मारून आणायचो, बॅटरी बसू नये म्हणून. ती गाडी जोवर चालू स्थितीत होती तोवर संक्रांतीचं बोलणं चालू होतं. आणि मी तिचंच पोट मागायला निघालो होतो.

मी ताईला फोन केला. एक सोपी युक्ती माझ्या डोक्यात आली होती, आणि ती ताईच्याही डोक्यात आली. सर्व्हिसिंगला नेतो म्हणून गाडी न्यायची, गिअरबॉक्स काढून घ्यायचा आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून गाडी अकोल्यालाच ठेवायची. पुढचं पुढे. ताई म्हणाली, "त्याईले खरं सांगू नको. ते एका आशेवर हायेत. तेवढी राहू दे."

पण मिस्त्री ऐकेना. त्याची एक रीत आहे. कुठलीही गाडी खोलायची तर पहिला नट मालकानं स्वतःच्या हातानं ढिला करायचा. पूर्वी एकदा त्यानं कोणाच्या तरी मेहुण्याच्या सांगण्यावरून इंजिन उतरवलं होतं, आणि मालक सगळं खानदान घेऊन शेडमध्ये आला होता. तेव्हापासून ही रीत. "मालकाचा हात लागल्याशिवाय माहा पाना लागत नाई," तो म्हणाला. "तुमी त्याईचे साळे असा नाई तं सख्खे भाऊ असा." मला राग आला. मी त्याला दोन शब्द सुनावले, त्यानं ते ऐकून घेतले आणि तो समोरच्या जीपखाली शिरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एसटीनं अकोट आणि तिथून हिवरखेडला गेलो. भाऊजी ओट्यावर उन्हात बसले होते. मी पाय धुऊन बसलो, पोह्यांची बशी हातात घेतली आणि इकडचं तिकडचं बोलू लागलो. थंडी, कपाशीला आलेली बोंडअळी, कोणाच्या तरी पोरीचं जमलेलं लग्न. भाऊजी ऐकत होते. मग त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तुही गाडी कुठी हाये?" ते म्हणाले. त्यांचं बोलणं आता जरा संथ झालंय. "आवाज आला नाई. एसटीनं काहून आला?"

मी सांगितलं. तिसरा गिअर, मोडके दात, भरडलेला संच, बंद झालेलं मॉडेल. एवढ्यावर थांबलो.

भाऊजी अंगणातल्या गाडीकडे बघत राहिले. आत ताईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

"माह्या गाडीचं पोट बसते तिले," ते म्हणाले. "मान तेवढी तुही ठेवा लागीन."

मी मान हलवली.

"मंग मांगत काहून नाई?"

"कसं मांगू भाऊजी?" मी म्हणालो. "तुमी संक्रांतीले काढतो म्हनता."

"मी तुमच्यासाठी म्हनत होतो," भाऊजी म्हणाले. "तुमी सारे काढा काढा म्हनत होते, तुमाले बरं वाटावं म्हनून." मग म्हणाले, "बिमार पडलो तवापासून मले कोनी काही मांगतलंच नाई. गोळी घेतली का, चहा पायजे का, पांघरून देऊ का. सारं मलेच देऊन राह्यले. माह्याजवळ देन्यासारखं काही हाये, हे कोनाच्या डोक्यातच येत नाई."

ताई बाहेर आली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. मला स्वतःचा राग आला आणि भाऊजींबद्दल इतकी माया दाटून आली की पोह्यांची बशी मी खाली ठेवली. आम्ही सगळे त्यांना जपत होतो, आणि ते आम्हाला जपत होते.

"वाईट वाटते," भाऊजी म्हणाले. "वाटत नाई असं नाई. पन उभी राहून सडन्यापेक्षा रस्त्यावर पळलेली बरी. चाल, उठ. उन्ह तापायच्या आत निघू."

त्यांची गाडी मी चालवली. ताई मध्ये बसली, गिअरच्या दांड्यापासून गुडघे वळवून, आणि भाऊजी खिडकीशी. गाडी लोण्यासारखी चालत होती, आणि ते मला सहन होत नव्हतं. एखादा खडखडाट असता तरी चाललं असतं.

शेडमध्ये मिस्त्रीनं भाऊजींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग पाना पुढे केला. गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी केबिनमधून गिअरचा दांडा सोडवावा लागतो, आणि त्याचे नट वरूनच निघतात. म्हणजे पहिला नट तो. भाऊजी गाडीकडे गेले. सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला चढले आणि उजवा हात आडवा घालून नटापर्यंत न्यायला लागले. अंग वळेना. डावा हात मध्ये येत होता. मी पुढे झालो तर मिस्त्रीनं माझा दंड धरला.

भाऊजी उतरले, गाडीला फेरी घालून दुसऱ्या बाजूनं चढले आणि शेजारच्या सीटवर बसले. आता दांडा त्यांच्या उजव्या हाताला आला. त्यांनी पाना बाजूला ठेवला आणि दांड्यावर हात ठेवला. बंद गाडीतच त्यांनी पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा, चौथा, पाचवा. मग उलट क्रमानं परत आले. पुन्हा एकदा केलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, ते गाडीचा निरोप घेताहेत, आणि मी दुसरीकडे बघू लागलो. ताईनं पदर तोंडाला लावला होता.

मग त्यांनी पाना लावून नट ढिला केला आणि मिस्त्रीला म्हणाले, "घ्या. आता तुमची."

पुढचं काम मिस्त्री आणि त्याच्या जोडीदारानं केलं. पेट्रोलचा गिअरबॉक्स उतरला, पोत्यावर उघडला गेला. मिस्त्री एकेक भाग डिझेलच्या भागाशेजारी ठेवून बघत होता. माझ्या मानेतला दांडा आणि भाऊजींच्या पोटातला गिअर त्यानं मांडीवर एकमेकांत बसवून फिरवले, कानाशी नेऊन ऐकले आणि पुन्हा फिरवले. वेगवेगळ्या घरचे दात थोडे दिवस कुरकुरतील, म्हणाला, मग जमतील. नंतर त्यानं गिअर सरकवणारा काटा उचलला आणि त्याची एक बाजू अंगठ्यानं चाचपली.

"हे एका बाजूनं झिजलं," तो म्हणाला. "गाडी चालवनारा चोवीस तास गिअरवर हात ठेवून बसत होता. अशानं काटा झिजते, कितीदा सांगतो मी लोकायले."

"मीच तो," भाऊजी म्हणाले, आणि हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. "बायको बाजूले बसली की हात तिकडेच जाये."

ताई लाजून दुसऱ्या गाडीमागे गेली. मिस्त्रीनं तो काटा बाजूला टाकला आणि माझाच जुना बसवला. माझा सरळ होता. त्याचं कारण माझी शिस्त नव्हती, माझा एक हात कायम फोनवर असायचा. हे मी तिथे बोललो नाही.

दुपारी आम्ही शेडसमोरच्या टपरीवर आलूबोंडे खाल्ले. भाऊजींनी एका हातानं खाल्ले आणि ताईला मदत करू दिली नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा माझी डिझेल गाडी जॅकवरून खाली आली. मिस्त्रीनं आवारात फिरवून बघितली. गिअर पडत होते, मानेजवळून बारीक कुरकुर येत होती. भाऊजींची गाडी शेडच्या कडेला उभी राहिली. बाकीचं काय करायचं ते नंतर ठरवू, असं त्यांनी मिस्त्रीला सांगितलं आणि तिच्याकडे न बघता माझ्या गाडीशी आले.

ताई नेहमीप्रमाणे मध्ये बसायला चढत होती. भाऊजी म्हणाले, "तू खिडकीशी बस. मले मधात बसू दे."

"मधात काहून? गिअर लागीन तुमाले," ताई म्हणाली.

"लागू दे."

ते मध्ये बसले. मी गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि गिअरकडे हात नेला, तर तिथे आधीच त्यांचा हात होता. उजवा हात. त्यांनी पहिला टाकला आणि म्हणाले, "सोड."

मला आधी समजलंच नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते.

"क्लच सोड म्हनतो. तुह्या गाडीचा क्लच तू सांभाळ, गिअर माह्याकडे."

तेव्हा मला समजलं की सकाळी त्या सीटवर बसून ते निरोप घेत नव्हते. हात कुठे पोचतो ते बघत होते.

मी क्लच सोडला. दुसरा गिअर करकरला. भाऊजी म्हणाले, "तू अर्धाच दाबून राह्यला. पूर्न दाब." गाडी चालवण्यात माझं आयुष्य गेलं आणि मला क्लच दाबायला शिकवलं जात होतं. ताई घाबरून म्हणाली, "गावातून तरी तुमी राहू द्या." पण शहरातल्या गर्दीत दोन-तीन सिग्नल झाल्यावर आमची जोडी जमायला लागली. ते म्हणायचे "दाब", मी दाबायचो. ते म्हणायचे "सोड", मी सोडायचो. अकोटच्या रस्त्याला लागल्यावर "दाब" म्हणायची गरज राहिली नाही. इंजिनाचा आवाज चढला की माझा पाय आपोआप जायचा आणि त्याच क्षणी त्यांचा हात हलायचा. तिसरा गिअर पडला तो मला कळलाही नाही.

दोन्ही बाजूंना तूर उभी होती. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलो होतो, नवीन शिकणाऱ्या माणसासारखा. ताई खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय हे मी विचारलं नाही. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि मला ते पुसता येत होतं, कारण माझ्या एका हाताला आता गिअरचं काम नव्हतं.

हिवरखेडच्या अलीकडच्या वळणावर भाऊजींनी तिसऱ्यावरून दुसरा घेतला आणि म्हणाले, "सोमवारी इकडची केळी हाये अकोल्याले न्याची. माहंच गिऱ्हाईक. दुसऱ्याच्या गाडीनं जाऊन राह्यली ते." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुले क्लच दाबायले येता येईन का?"